पाणी जोखताना

एखाद्या माणसाची कुवत अजमावणे याला मराठीत 'पाणी जोखणे' म्हणतात. तलवारीला पाणी देतात, मोत्याला पाणी असते, आणि गर्विष्ठाचे पाणी उतरवावे लागते. तेज, अब्रू आणि सामर्थ्य हे सारे आपल्या भाषेने एका पाण्यात पाहिले. नळाच्या पाण्याविषयी मात्र आपला प्रश्न एवढाच असतो, की ते आले की नाही? आलेले पाणी कसे आहे, ते चांगले की वाईट हे कोणी ठरवायचे, आणि वाईट असेल तर ते सुधारणे हे कोणाचे काम, हे प्रश्न मागे राहतात. वरवर पाहता ते अभियंत्याचे प्रश्न वाटतात. माझ्या मते ते नीतीचे प्रश्न आहेत, आणि आपल्या सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपुराइतके ते क्वचितच दुसरीकडे स्पष्ट दिसतात.

आधी घरातले पाहू. जिथे कूपनलिकेचे पाणी नळाला येते, तिथल्या गृहिणीला पाण्याचा जडपणा समजायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ तासभर शिजूनही बोटचेपी होत नाही, मग तिच्यात चिमूटभर सोडा पडतो. साबणाला फेस येत नाही. आला तर त्याची चिकट साय बादलीला बसते. चहाच्या भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते आणि ती चिंच लावून घासावी लागते. शाळेच्या पुस्तकांत या पाण्याला 'दुष्फेन' असे नाव असे. या साऱ्याचा भार बहुधा घरातल्या बाईवर पडतो. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तिच्या घासण्याचा खर्च कुठेच दिसत नाही.

हा चुना येतो कोठून? पावसाचे पाणी मातीत मुरताना तिथला कर्बवायू घेते आणि किंचित आम्ल होते. मग ते खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. तेच पाणी पुन्हा मोकळ्या हवेत आले किंवा तापले, की वायू निघून जातो आणि चुना थराच्या रूपाने मागे उरतो. चुलीवरच्या भांड्यात हे काही मिनिटांत घडते. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात तेच चारशे वर्षे चालले आहे.

अब्दुल रहीम खानखाना हे दोह्यांसाठी घराघरांत ठाऊक असलेले कवी. ते मोगलांचे सुभेदार म्हणून बऱ्हाणपुरात असताना, १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ही योजना आकाराला आली. सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचे, अशी ती इराणी 'कनात' पद्धत. वर शंभरावर कुंड्या, म्हणजे हवा व उजेडासाठी ठेवलेली विहिरीसारखी तोंडे. खाली सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. मोट नाही, बैल नाही. याच कुंड्यांतून हवा आत जाते आणि पाण्यातला चुना बोगद्याच्या भिंतींवर बसतो. थर वाढला की वाट अरुंद होते, प्रवाह कमी होतो. मार्च २०२४मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण चुन्याला यादी वाचता येत नाही. तो माणसांनीच खरवडायचा असतो.

या रचनेत एक धडा आहे. वरच्या कुंडीपाशी वाट बुजली तर खालच्या सगळ्या कुंड्या कोरड्या पडतात. आपल्यापुरती आपली कुंडी स्वच्छ ठेवतो असे तिथे कोणालाच म्हणता येत नाही. आपल्या नळांचे जाळेही असेच जोडलेले आहे. पाइप जमिनीखाली असल्याने ते आपल्या लक्षात राहत नाही, एवढेच.

इथे जडपणाची बाजूही मांडली पाहिजे. चुन्याचे पाणी विष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. ही खनिजे शरीराला हवीच असतात. आपल्या भारतीय मानकाने (२०१२) लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा इष्ट मानला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत तो चालवून घेतला आहे. खरा घात करतात ते सांडपाण्यातले जंतू, नायट्रेट, फ्लोराइड. त्यांना ना चव, ना रंग. म्हणजे जे आपल्याला खटकते ते बहुधा निरुपद्रवी, आणि जे मारते ते दिसत नाही. जिभेने आणि साबणाने पाणी जोखता येते, पण अर्धेच. उरलेले अर्धे जोखायला परीक्षा लागते, नोंद लागते, आणि ती नोंद खरी आहे असा विश्वास लागतो. यांतले काहीच एका घराला एकट्याने निर्माण करता येत नाही.

तरीही आपण उपाय घरापुरताच काढतो. ज्याला परवडते तो भिंतीवर शुद्धीकरणाचे यंत्र टांगतो. ते यंत्र साधारणपणे जितके पाणी देते त्याहून अधिक मोरीत सोडते. २० मे २०१९ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या यंत्रांवर बंधने घालण्यास सांगितले ते यासाठीच: जिथे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तिथे ती नकोत, आणि इतरत्र निदान साठ टक्के पाणी हाती यावे. पण मोरीत जाणाऱ्या पाण्याहून मोठी एक हानी आहे, ती मोजली जात नाही. ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांचा फोन साहेब उचलतात, त्यांची तक्रार त्या यंत्रात गाळली जाते. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७०च्या आपल्या पुस्तकात हे नेमके मांडले आहे: बाहेर पडण्याची सोय झाली, की आत राहून बोलणारे आवाज कमी होतात. मग नळाचे पाणी ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांचेच उरते, आणि त्यांचे कोणी ऐकत नाही.

महाराष्ट्राला पाण्याची नीती नवी नाही. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. पाण्यात रसायनाने काहीच बदलले नव्हते. 'शुद्ध' हा शब्द तेव्हा माणसे वेगळी काढण्यासाठी वापरला गेला. आजची वेगळी काढण्याची रीत पैशाची आहे, जातीच्या क्रौर्याशी तिची बरोबरी करता येणार नाही. पण दिशा पाहावी. फुल्यांनी घरातले पाणी रस्त्यावरच्या माणसाचे केले. आपण रस्त्यावरचे पाणी घरात आणून फक्त आपले करतो.

कोणी विचारील, आजारी लेकराच्या आईने गावाचा नळ सुधारेपर्यंत थांबावे काय? मुळीच नाही. तिने यंत्र घ्यावे, पाणी उकळावे, जमेल ते करावे. आजची तहान उद्याच्या सुधारणेवर टाकता येत नाही. यंत्र घेण्यात दोष नाही. यंत्र घेतले म्हणजे आपले देणे फिटले, असे मानण्यात दोष आहे. ज्याची स्वतःची अडचण सुटली त्याच्याकडे उलट अधिक उसंत आहे. त्याने वर्षातून एकदा नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा, तो चावडीवर लावायला लावावा, पाणीपट्टी वेळेवर भरावी आणि तिचा हिशेब विचारावा.

२२ जुलै २०२२ रोजी बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा म्हणून जाहीर झाला: २५४ गावे, १,०१,९०५ ग्रामीण घरे, साऱ्यांना नळ. ही कामगिरी लहान नाही. हंड्यासाठी होणारी पायपीट ज्यांनी केली त्यांनाच तिची किंमत कळेल. जल जीवन मिशनच्या याच योजनेत आणखी एक तरतूद आहे. प्रत्येक गावातल्या किमान पाच स्त्रियांना परीक्षण संच देऊन पाणी तपासायला शिकवायचे. डाळ शिजत नाही हे ज्यांना आधी कळते, त्यांच्याच हाती न दिसणारे तपासण्याचे साधन देण्याची ही कल्पना मला शहाणपणाची वाटते. मात्र त्यांनी लिहिलेली नोंद कपाटात पडून राहिली तर पाच जणींचे श्रम वाया जातील.

रहीम सुभेदार होते. त्यांनी हुकूम दिला आणि बोगदे खणले गेले. तेव्हाची रयत पाणी घेणारी होती, मालक नव्हती. आज नळ आपला, नगरपालिका आपली, मतही आपले. त्या नोंदवहीत काय लिहिले आहे हे विचारायला, घरी यंत्र असलेल्यांपैकी किती जण जातात, यावरून आपल्या गावाचे पाणी जोखावे.