पाजण्याचा धर्म कोणाचा?

वडोदऱ्यातल्या समासारख्या वस्तीत बाळंतिणीच्या खाटेजवळ मराठी आजी बाळाला मध चाटवायला पुढे होते, तर गुजराती बा गळथूथी, म्हणजे नवजाताला चाटवायचं गोड. दोघींनाही वाटतं, हे शास्त्रातलंच. पण शास्त्रातच एकमत नाही. चरकाने मध-तुपापाठोपाठ लगेच उजवा स्तन द्यायला सांगितलं; सुश्रुताच्या मते दूध उतरायला तीन-चार रात्री जातात, तोवर मध-तूप. आजचं वैद्यक चरकाच्या जवळचं, फक्त मध वर्ज्य: तासाभरात चीकदूध. परंपरा असो की दवाखान्यातलं भित्तिपत्रक, बजावलं जातं ते मात्र आईलाच. पाजणं हा तिचा धर्म, असं म्हणून बाकीचे मोकळे होतात. मला हे धर्मदृष्ट्याच चूक वाटतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेल्या, बाळ दुसऱ्या खोलीत नेलेल्या बाईवर कर्तव्य लादायचं ते कशाच्या बळावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. 2015-16 ते 2019-21 या काळात संस्थेतली बाळंतपणं 79 वरून 89 टक्क्यांवर गेली, पण तासाभरात अंगावर घेतलेली बाळं 41.6 वरून 41.8 टक्केच. बाया दवाखान्यापर्यंत पोचल्या. तो तास दवाखान्यात हरवला. तेव्हा कर्तव्यही दवाखान्याचंच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1991 साली रुग्णालयांना मानांकन देण्याची योजना आणली ती याच समजुतीवर. यावर पहिला आक्षेप असा की माया काही तपासणीच्या तक्त्यात मावत नाही. मान्य, पण इथे माया मोजायचीच नाही. नर्सला बाळ छातीशी धरवायला शिकवलंय का, पावडरच्या डब्यांचे फुकट नमुने आत येतात का (1992 च्या कायद्याने ते बंद आहेत), एवढंच पाहायचं. दुसरा आक्षेप जड आहे: टक्केवारी गाठायच्या नादात जिला दूध येत नाही तिचा छळ होईल. होऊ शकतो, आणि रजिस्टरात खोटी टिकही पडू शकते. पण आपल्याच परंपरेत कृष्णाला यशोदेने आणि सिद्धार्थाला मावशी गौतमीने पाजलं. त्यात कोणाला उणेपणा दिसला नाही. आज त्याचंच रूप म्हणजे मातृदुग्धपेढी; मुंबईत शीवच्या रुग्णालयात ती 1989 पासून आहे. अशी सोय आहे का, हाही मानांकनाचा निकष हवा, आणि तपासनिसाने रजिस्टर उघडण्याआधी खाटेवरच्या बाईला विचारावं, रात्री बोलावल्यावर कोण आलं होतं.