सवाल, सिद्धता आणि उत्स्फूर्तता

भंडारा जिल्ह्यातील खडी गंमतीत कलगी-तुऱ्याचा सामना रंगतो, तेव्हा एका शाहिराने गाऊन टाकलेल्या सवालाला दुसऱ्याला तिथल्या तिथे, गाण्यातूनच जवाब द्यावा लागतो. विचाराला अवधी मिळतो तो झीलकरी पालुपद घोळवीत असतात तेवढाच. अशा क्षणी पाठांतरातली ओळ कामी आली, तर त्या जवाबाला उत्स्फूर्त म्हणावे काय? प्रामाणिक म्हणावे काय?

उत्स्फूर्तता म्हणजे सिद्धतेचा अभाव, हे गृहीतक आल्बर्ट लॉर्ड यांच्या 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथाने मोडीत काढले. प्रयोगाच्या वेगात रचना करणारा युगोस्लाव्हियातील आख्यानगायक रूढ पदबंधांच्या आधारानेच रचना करतो, हे त्यांनी दाखविले. मात्र शाहिरासमोर केवळ श्रोते नसतात, प्रतिपक्षही असतो. आणि येथेच साहित्यशास्त्रीय प्रश्न नैतिक होतो.

सिद्धता दोन प्रकारची असू शकते. एक शाहीर तयार जवाब साठवितो आणि आलेला सवाल त्यांच्या मापाने वाकवितो. दुसरा पुराणकथा, चाली, यमके इतकी मुरवितो की ऐन वेळी त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. सारे अवधान सवालाकडे राहते. पहिल्याची तयारी त्याला प्रतिपक्षापासून वाचविते. दुसऱ्याची त्याला ऐकण्यास मोकळे करते.

म्हणून ओळ जुनी की नवी, हा निकष गौण होय. ती याच सवालाचा जवाब आहे काय, हे पाहावे. सिद्धान्त हाती घेऊन संहितेकडे जाणाऱ्या समीक्षकालाही या कसोटीतून सूट नाही.