परसातला जुना लिंब

निंबर्गा हे नाव मराठी कानाला कडुलिंबाची आठवण करून देते. कन्नड शेजाऱ्याला त्यात आंबट लिंबू ऐकू येते, कारण त्याच्या भाषेत कडुलिंब म्हणजे ‘बेवु’ आणि लिंबू म्हणजे ‘निंबे’. व्युत्पत्तीचा निवाडा जाणकारांनी करावा. आमच्या घरी वाद आहे तो परसातल्या लिंबाचा.

पणजोबांनी तो लावला तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. १९५६ साली गाव म्हैसूर राज्यात आले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. झाड जागचे हलले नाही. पाडव्याला आपण त्याचाच पाला खातो आणि पलीकडच्या घरी त्याच पाल्याचे बेवु-बेल्ल होते. आता त्याचे खोड पोखरले आहे. गेल्या वळवाच्या पावसात एक फांदी गोठ्याच्या पत्र्यांवर कोसळली. जनावरे बाहेर बांधलेली होती म्हणून निभावले. धाकटे बंधू म्हणतात, तोडू आणि दहा रोपे लावू. थोरल्या वहिनींना ते ऐकवत नाही.

एकाच्या बदल्यात दहा, हा हिशेब आजचे कायदेही निराळ्या रीतीने मांडतात. कर्नाटकाच्या १९७६च्या कायद्यानुसार तोडीची परवानगी देताना नवे झाड लावण्याची अट घालता येते. महाराष्ट्राने २०२१ साली नागरी भागांसाठी नियम केला, की तोडलेल्या झाडाचे वय जितके वर्षे, तितकी रोपे लावावीत. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये असे मोल सुचवले. या दोन्ही हिशेबांत वय हे माप धरले आहे, आणि ते योग्यच वाटते. तरीही शंभर रोपांच्या शंभर वीतभर सावल्या एकत्र केल्या, तर त्यांखाली एक बाज मावत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ सालच्या आज्ञापत्रात या प्रश्नाचा अधिक खोल विचार आढळतो. आरमारासाठी लाकूड हवे असले, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी दीर्घकाळ पोराप्रमाणे वाढवलेली असतात, असे ते बजावतात. मात्र एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडण्यास त्यांची ना नाही. म्हणजे कसोट्या दोन: झाड खरोखर जीर्ण आहे काय, आणि धनी राजी आहे काय?

कुटुंबाच्या झाडाचा धनी कोण? लावणारा कधीच गेला. पहाणीत नाव तिघा भावांचे आहे. पाला रोज झाडते ती थोरली वहिनी, आणि दिवाळीला आठ दिवस येऊन झोपाळा बांधतात ती पुण्याची मुले. ‘तोडू नका’ असे आग्रहाने सांगणाऱ्यांत मीही होतो. पण ज्या खोलीवर उरलेली मोठी फांदी झुकली आहे, तिच्यात मी निजत नाही. जुन्यावरचे असे प्रेम फार स्वस्त असते, हे कबूल केले पाहिजे. धोक्याचे झाड केवळ आठवणींसाठी राखणे हा दुसऱ्याच्या जिवावरचा भावुकपणा होय.

म्हणून तोडणे हा मला अपराध वाटत नाही. मला खटकतो तो मधला काळ. आज लिंब गेला, तर पुरती सावली पुन्हा यायला पंधरा-वीस वर्षे लागतील. ती उघडी वर्षे आपली नव्हेत, नातवंडांची. आपल्या भागातला चाळिशीपार उन्हाळा त्यांच्या बालपणावर तळपेल. तोडायचेच असेल, तर लावणे आधी आणि तोडणे मागून, असा क्रम मला न्याय्य दिसतो. मागून लावलेले रोप आपल्या मनाच्या समाधानापुरते असते.

यात निसर्गाची एक अडवणूकही आहे. निंबोळी साठवून ठेवता येत नाही. काही आठवड्यांतच तिची उगवण्याची शक्ती जाते. याच लिंबाचा वंश हवा असेल, तर तो उभा असताना, पावसाच्या तोंडाशी, ताज्या निंबोळ्या पेराव्या लागतात. त्याच्या दाट सावलीत रोप जोम धरत नाही, तेव्हा जागा दूरची हवी. आमच्याकडे ती नैर्ऋत्येला, जुन्या बळदाच्या पडक्या भिंतीशी निघाली.

तूर्त घरावरच्या फांद्या उतरवून खोडाचा भार हलका केला आहे. धाकट्या बंधूंनी पाच वर्षांची मुदत दिली आहे. वहिनी त्यावर काही बोललेल्या नाहीत. पेरलेल्या निंबोळ्यांपैकी तीन उगवल्या, एक रोप शेळीने खाल्ले. उरलेल्या दोहोंना उन्हाळाभर पाणी कोणी घालायचे, याची पाळी अद्याप ठरायची आहे.