वळताना काय धरून ठेवायचं

पाठ सैल ठेवून बसा. हात मांडीवर असू द्या. घाई नाही.

मनानं मार्कंडादेवाच्या काठावर या. चामोर्शी तालुक्यातलं हे जुनं देवस्थान, महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते. शिवनी जिल्ह्यात उगम पावून दक्षिणेकडे उतरत आलेली वैनगंगा इथं वळते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. म्हणून तिला इथं उत्तरवाहिनी म्हणतात. तिचं हे वळण थोडा वेळ नुसतं पाहा.

आता एक क्रियापद मनात घ्या. इंग्रजीतलं ‘टर्न’. आपल्याला ते गाडीच्या स्टिअरिंगपासून पुस्तकाच्या पानापर्यंत सगळीकडे भेटतं. पण मागे मागे गेलं की ते लॅटिनमधल्या ‘तोर्नारे’पाशी पोचतं, म्हणजे खरादावर फिरवून लाकूड घडवणं. त्याच्याही मागे ग्रीक ‘तोर्नोस’, वर्तुळ आखायचं सुताराचं हत्यार. त्याचे भाऊबंदही असेच कामकरी. ‘स्पिन’ म्हणजे मुळात सूत कातणं. ‘बेंड’ म्हणजे दोरी चढवून धनुष्य वाकवणं. ‘ट्विस्ट’चं नातं दोन या आकड्याशी, दोन पेडांशी. मनाच्या आणि नशिबाच्या गोष्टी हे शब्द नंतर बोलू लागले. आधी ते हाताचे होते.

आपलं ‘वळणं’ही तसंच. वाती वळतात, लाडू वळतात, गुरं वळतात, मूठ वळते. मग पोराला वळण लागतं, अक्षराला वळण येतं, एखादी सवय अंगवळणी पडते, कुणाचं तरी मन वळवावं लागतं.

डोळे मिटा. अंबाडीची दोरी वळणारे हात आठवा. वाखाचं एक टोक पायाच्या अंगठ्यात घट्ट धरलेलं. दोन पेड तळव्यांमध्ये. उजवा तळवा पुढे सरकतो, पेडाला पीळ बसतो, दोन्ही पेड एकमेकांवर चढतात. थोडा वाख जोडायचा, पुन्हा तळवा पुढे. बोटाएवढी दोरी वाढते. अंगठा सुटला, तर बसलेला पीळही उलगडतो.

इथं थांबा. अंगठ्याकडे लक्ष ठेवा. दोरी वळते ती हातांनी, पण टिकते ती अंगठ्यामुळे. खरादावरचं लाकूडही दोन टोकांना पक्कं धरलेलं असतं, म्हणून त्याला गोलाई येते.

मार्कंडेयाची कथा याच नजरेनं पाहा. सोळा वर्षांचं आयुष्य सरत आलेलं. यम पाश घेऊन उभा. पोरगा पळाला नाही, त्यानं शिवलिंगाला मिठी मारली. कथेत मृत्यू माघारी फिरतो तो या मिठीपाशी.

आता स्वतःकडे या. गेल्या काही वर्षांत तुम्ही कुठं वळलात? नोकरीत, नात्यात, एखाद्या मतात? त्या वेळी अंगठ्यात काय होतं? आईचा एखादा शब्द असेल, हातातली कला असेल, गाव असेल. काहीच नव्हतं असं वाटलं, तरी तेही शांतपणे पाहा. दोष देऊ नका. एक श्वास घ्या, सावकाश सोडा.

पुन्हा नदीकडे पाहा. उत्तरेला वळली तरी ती हट्टानं उत्तरेलाच राहत नाही. पुढे वर्धेला भेटते, प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. नाव बदलतं, दिशा बदलते, उतार मात्र ती सोडत नाही.

कुणाचं मन वळवायला निघाला असाल, तर हेच त्याच्यासाठीही लागू आहे. त्याच्या अंगठ्यात काय आहे ते आधी विचारा. ते हिसकावून घेतलंत, तर तो वळणार नाही, तुटेल.

डोळे उघडा. कागद घ्या. ज्याकडे वळायचं आहे ते एका ओळीत लिहा. त्याखाली, वळताना जे सोडायचं नाही ते लिहा. दुसरी ओळ सुचली नाही, तर निर्णय चार दिवस लांबला तरी चालेल.