कड्यावरील पिलू आणि बापाची हाक

(योहान १० वा अध्याय मंडळीत वाचावा.)

आकाशातील पाखरांकडे लक्ष देण्यास आपल्या प्रभूनेच सांगितले आहे. यास्तव आज आपण इंग्लंड देशातील एका कड्याकडे मनाने जाऊ या.

यॉर्कशायरच्या पूर्व किनाऱ्यावर बेम्प्टन नावाचे खेडे आहे. उन्हाळ्यात तेथील शेतांमधल्या वाटेने जाऊ लागले म्हणजे वर चंडोल गात असतो. आणि वाट संपते तेथे ३०० फुटांहून उंच असा खडूचा पांढरा कडा समुद्रात उतरलेला दिसतो. त्यावर हजारो समुद्रपक्षी दाटीने बसलेले असतात. त्यांपैकी गिलेमॉट नावाचा पक्षी घरटे बांधीत नाही. मादी उघड्या खडकाच्या अरुंद पायरीवर एकच अंडे घालिते. पिलू अंड्यात असतानाच आईबापांचा आवाज ओळखावयास शिकते.

ते सुमारे तीन आठवड्यांचे झाले, म्हणजे पंखांत उडण्याचे बळ आलेले नसताही कड्याच्या टोकाशी येते. दिवस मावळू लागलेला असतो. बाप हाक मारितो, आणि पिलू उडी टाकिते. खाली एवढा कलकलाट चाललेला असतो, तरी ते बापाचाच आवाज ओळखून त्याजकडे जाते. पुढे कित्येक आठवडे बाप समुद्रात त्याच्याबरोबर राहतो व त्यास मासे भरवितो.

बंधूंनो, आपल्यांतील पुष्कळांनी अशीच उडी टाकिली आहे. कोणी भाऊबंदांच्या पंगतीस मुकला, कोणास घर सोडावे लागले. अशांनी भिऊ नये. ज्याने हाक मारिली तो कड्यावर बसून पाहत नाही, तर पाण्यात आपणाजवळ आहे.

परंतु उपदेशक बंधूंनो, आपणांसही येथे एक प्रश्न आहे. बाप्तिस्मा झाला, वहीत नाव लिहिले, आणि आपण पुढच्या गावी निघालो. मागे तो नवा बंधू आजारी पडला, सावकाराच्या हाती सापडला, मुलीस स्थळ मिळेना म्हणून रात्रभर जागला, तेव्हा त्याच्या दारी कोण गेले? हाक मारणे सोपे आहे. पाण्यात उतरून बरोबर राहणे कठीण आहे. जो हाक मारून निघून जातो, तो पिलास लाटांवर एकटे टाकितो.

तर या आठवड्यात प्रत्येक मंडळीने आपल्यांतील सर्वांत नवे घर कोणते, हे पाहावे; तेथे जावे, भाकर एकत्र खावी आणि प्रार्थना करावी. असे घडो. आमेन.