पाळणे, बाळगणे, सांभाळणे

छोट्या घोरपडी घरात ठेवण्यासाठी कशा निवडाव्यात, यावरची एक इंग्रजी पुस्तिका गेल्या वर्षी माझ्याकडे भाषांतराला आली. शीर्षकातल्या क्रियापदाशीच मी अडले. इंग्रजीत वचन, गुपित, हिशोब आणि कुत्रा हे सगळं एकाच क्रियापदात मावतं. मराठीत वचन पाळतात, गुपित राखतात, हिशोब ठेवतात, शस्त्र बाळगतात, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात. कुत्रा पाळतात, आणि व्रतही. पाळणारा स्वतः बांधला जातो, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. (घोरपडीचं इंग्रजी नावही भाषांतराच्या घोटाळ्यातून आलं असं सांगतात. अरबी नाव जर्मनमधल्या 'इशारा देणे' या अर्थाच्या शब्दासारखं ऐकू आलं आणि लॅटिनमध्ये ती 'इशारा देणारी' झाली.)

पुस्तिका प्रामाणिक होती. उत्तर ऑस्ट्रेलियातली काटेरी शेपटीची घोरपड शेपटीसकट साधारण दोन फुटांची. तिला ऊन खायला पन्नास अंश सेल्सियसच्या वर तापणारा दगड लागतो, उकरायला खोल माती लागते, आणि ती दहा-पंधरा वर्षं जगू शकते. सर्वांत लहान जात तर जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची. मोठी घोरपड आणून पुढे तिचे हाल करण्यापेक्षा छोटी निवडा, हा सल्ला शहाणपणाचाच. पण या निवडीत मोजमाप आपल्या खोलीचं असतं. प्राण्याचा आकार खोलीत बसला की त्याचं आयुष्यही बसलं, असं आपण धरून चालतो.

मराठी माणसाच्या मनातली पाळीव घोरपड एकच, तानाजीची यशवंती. ४ फेब्रुवारी १६७०च्या सिंहगडाच्या लढाईत ती खरोखर होती याला समकालीन पुरावा नाही. तरी गोष्टीत एक गंमत आहे. यशवंती आधी निम्म्यातून परत येते. तानाजी तिला जिवाची धमकी देतो, मग ती चढते. आपण घोरपडीच्या पकडीची म्हण केली. तिचा नकार मात्र कुणाच्या तोंडी राहिला नाही. पोवाड्यातही ती माणसाळलेली नाहीच, भ्यालेली आहे.

माणसाळणं हा शब्द मला इथे महत्त्वाचा वाटतो. कुत्रा हजारो वर्षांत माणसाळला; आपल्या आवाजाशी त्याचं काही नातं आहे. घोरपडीला फार तर सवय होते. हात म्हणजे अन्न, एवढं ती शिकते. पुस्तिकेतही 'विश्वास' हा शब्द होता. मी तिथे 'सवय' लिहिलं आणि संपादकांना तसं कळवलं.

झाशीला माझ्या मावशीचं घर आहे. तिच्या शेजाऱ्यांबरोबर पावसाळ्यानंतर एरचला गेले होते. बेतवेकाठचं हे गाव स्वतःला हिरण्यकशिपूची राजधानी मानतं आणि होळीचा उगम आपल्याकडचा म्हणून सांगतं. ज्या घरी उतरलो तिथल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने पत्र्याच्या डब्यात घोरपडीचं पिल्लू ठेवलं होतं. वीतभर, पिवळ्या ठिपक्यांचं. लोक त्याला विषखोपडा म्हणतात. चावला की माणूस पाणी मागत नाही, अशी समजूत. घोरपडीच्या चाव्याने माणूस मरत नाही, पण पिल्लू मात्र या समजुतीने मरतं. गल्लीतले लोक काठ्या घेऊन आले असताना मुलाने ते उचललं होतं. "मौसीजी, सोडलं तर मारतील," तो म्हणाला.

कायदा स्पष्ट आहे. भारतातल्या चारही घोरपडी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला किमान तीन वर्षांची कैद. परदेशी जातींसाठी २०२४च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. म्हणजे कागदपत्रं असतील तर ऑस्ट्रेलियाची घोरपड दिवाणखान्यात राहू शकते, बेतवेची नाही. हे मला विसंगत वाटलं होतं. आता वाटत नाही. बेतवेच्या घोरपडीला अजून जायला जागा आहे, काचेच्या पेटीत जन्मलेलीला नाही. जिला परतायची वाटच उरली नाही तिची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी, आणि ती प्रेमाने घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मात्र मागणी आहे म्हणून पेटीत नव्या जन्माला घालणं ही वेगळी गोष्ट. तिथे आपण आधी वाट बंद करतो आणि मग सांभाळण्याचं श्रेय घेतो.

त्या मुलाला मी हेच सांगू शकले नाही, कारण त्याने वाट बंद केली नव्हती. ती गल्लीने केली होती. त्याच्या वडिलांनी वनखात्याला फोन केला. दुपारी दोन माणसं आली आणि पिल्लू पिशवीतून घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी गल्लीतल्या लोकांना थांबवून ते पिल्लू दाखवलं, विष नाही म्हणून सांगितलं. ऐकणारे हसले. एका म्हाताऱ्याने आपल्या तिजोरीतल्या 'हत्थाजोडी'ची गोष्ट काढली: शेंदूर लावून, लवंगांबरोबर ठेवलेली, लक्ष्मी टिकवणारी मुळी. ती मुळी नसते. वाळवलेलं नर घोरपडीचं जननेंद्रिय असतं. २०१७मध्ये संशोधकांनी हा व्यापार उघड केला. विषखोपडा म्हणून जिला ठेचायचं, तिचाच तुकडा लक्ष्मीसाठी जपायचा. त्याला मराठीत 'बाळगणे' हाच शब्द.

शीर्षकात शेवटी मी 'सांभाळणे' घातलं. प्रकाशकांना 'पाळणे' हवं होतं, ते विकलं जातं म्हणाले. कायद्याचं पान शेवटी होतं, ते पहिलं करायला मात्र त्यांनी मान्यता दिली.