रागावण्याचं बटण

तामागोचीची भूक चार बदामांनी मोजली जाते. बदाम रिकामे झाले की अंड्याएवढ्या खेळण्यातला तो ठिपक्यांचा जीव पीं पीं करतो आणि मालक बटण दाबून त्याला भरवतो. आनंदाचेही चार बदाम. पण कधी कधी दोन्हीकडचे बदाम भरलेले असतात, घाण काढलेली असते, तब्येत ठणठणीत असते, आणि तरीही हाक येते. ही लबाडी. अशा वेळी खाऊ द्यायचा नाही, खेळायचंही नाही. शिस्तीचं चित्र निवडून रागवायचं. मग शिस्तीची पट्टी पुढे सरकते.

जपानमध्ये बांदाई कंपनीने हे खेळणं २३ नोव्हेंबर १९९६ रोजी विकायला आणलं. विझ कंपनीचे अकिहिरो योकोई आणि बांदाईच्या अकी माइता हे त्याचे निर्माते. पुढच्याच वर्षी या दोघांना अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं, माणसांचे कामाचे लक्षावधी तास आभासी प्राण्यांच्या संगोपनात घालवल्याबद्दल. पुरस्कार थट्टेचा, पण नेम अचूक. शाळांनी बंदी घातली, तेव्हा मुलांचे हे प्राणी आईवडिलांच्या खिशात बसून ऑफिसला जाऊ लागले.

भरवणं, घाण काढणं, औषध देणं यात नीतीचा प्रश्न फारसा येत नाही. शिस्तीत येतो. ज्याला मनच नाही, त्याला वळण लावलं म्हणजे नेमकं सुधारलं कोण?

प्राणी सुधारला असं म्हणावं, तर खेळण्याचे नियमच आडवे येतात. वेळच्या वेळी खाऊपिऊ आणि वेळच्या वेळी रागावणं, दोन्ही चोख जमलं तर मोठेपणी ‘मामेत्ची’ मिळतो, सगळ्यांत गुणी. काळजी उत्तम, पण शिस्तीत हयगय झाली तर ‘मास्कुत्ची’. इथवर गोष्ट एखाद्या बालबोध पुस्तकात शोभण्यासारखी. पण पहिल्या आवृत्तीत एक गुप्त पात्र आहे, ‘ओयाजित्ची’ नावाचा प्रौढ बाप्या, आणि तो मिळतो मास्कुत्चीतूनच. म्हणजे ज्याला हे दुर्मीळ पात्र हवं, त्याने जिवाला पोटभर खाऊ घालायचं आणि लबाडीकडे मुद्दाम काणाडोळा करायचा. शिस्त हा तिथे सद्गुण नाही, कोणतं पात्र हवं त्याप्रमाणे वापरायची किंवा टाळायची खुबी आहे. आज्ञापालन आणि चांगुलपणा यांत या यंत्राला काडीचा फरक कळत नाही. (तो न कळणारी माणसंही कमी नाहीत, पण ते असो.)

मग सुधारणा मालकाची होते का? तत्त्वज्ञ इमान्युएल कांटचं उत्तर ‘हो’ असं आलं असतं. नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत त्याने कुत्र्याचं उदाहरण घेतलं आहे: म्हातारा झाला म्हणून इमानी कुत्र्याला गोळी घालणारा मालक कुत्र्याप्रती असलेलं कर्तव्य मोडत नाही, पण स्वतःतली माणुसकी बोथट करतो. पुराव्यादाखल तो विल्यम होगार्थच्या १७५१च्या चित्रमालिकेकडे बोट दाखवतो. तिथे पहिल्या चित्रात मुलं जनावरांचा छळ करतात आणि शेवटी त्यांच्यातलाच एकजण खुनापायी फासावर जातो. हा तर्क यंत्रांनाही लागू पडावा असं वाटायला लावणारा एक प्रसंग २०१३ मध्ये जिनिव्हात घडला. केट डार्लिंग या संशोधिकेने एका कार्यशाळेत लोकांना प्लिओ नावाच्या खेळण्यातल्या डायनासोरांशी खेळू दिलं आणि मग त्यांना मारायला सांगितलं. कुणी तयार होईना. एकाला मारलं तर बाकीचे वाचतील, अशी अट घातल्यावर कसाबसा एकजण पुढे झाला.

कांटच्या उत्तरात एक खोट आहे. उद्या माणसांशी क्रूर वागशील म्हणून आज खेळण्याशी नीट वाग, असं तो म्हणेल. सारी भिस्त उद्याच्या परिणामावर. उद्या काहीच वाईट घडलं नाही, तर आजचं कृत्य निर्दोष ठरतं.

आपल्याकडे निर्जीवावरच्या हिंसेचा हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी पिठाच्या कोंबड्यावरून लढवला गेला. उज्जयिनीच्या यशोधर राजाची जैन कथा पुष्पदंताने अपभ्रंशात सांगितली, सोमदेवसूरीने शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ मध्ये, ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूत सांगितली. दुःस्वप्नावर उतारा म्हणून आई चंद्रमती देवीला पशुबळी द्यायला सांगते. राजाला हिंसा नको असते. तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापला जातो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही पुढे विषप्रयोगाने मेलेले मायलेक जन्मोजन्मी पशुयोनीत भटकतात, कारण कापताना मनात कोंबडाच होता. नेमकं उलट मत माध्व वैष्णव परंपरेचं. यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू चालतो, असं ती मानते. तिच्या लेखी पीठ पापातून सोडवतं, जैन कथाकारांच्या लेखी सोडवत नाही.

तामागोचीच्या बाबतीत जैन विचार अधिक उपयोगी आहे, कारण तो द्रव्यहिंसा (प्रत्यक्ष प्राण घेणं) आणि भावहिंसा (मनातला हिंसेचा भाव) वेगळ्या काढतो. पडद्यावरच्या ठिपक्यांना प्राण नाहीत, तेव्हा द्रव्यहिंसेचा खटला उभाच राहत नाही. भावाचा राहतो. जपानी आवृत्तीत प्राणी मेला की भूत आणि थडगं दिसायचं; परदेशात विकताना त्याचा पंखवाला देवदूत केला गेला. ते थडगं बघायचं म्हणून उपाशी ठेवणारं मूल आणि अभ्यासाच्या गडबडीत विसरलेलं मूल, दोघांच्या हातून ठिपके सारखेच विझतात. पण दोघांच्या खात्यावर सारखीच नोंद होणार नाही. विसरणाराही अगदीच सुटत नाही. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादापासूनच सुरू होते, आणि प्रमादात बेसावधपणा येतोच.

रागावण्याचं बटणही याच न्यायाने तपासावं लागतं. बदाम बघून, लबाडी आहे याची खात्री करून दाबलेलं बटण आणि सारख्या पींपींने डोकं उठलं म्हणून चिडून दाबलेलं बटण यंत्राला एकच. जैन हिशेबात क्रोध हा कषाय, म्हणजे मन मळवणारा विकार आहे आणि तो समोर कोण आहे हे विचारत बसत नाही. म्हणून ‘खेळणंच तर आहे’ हा बचाव अर्धाच खरा. प्राण्याच्या बाजूने तो पूर्ण चालतो. बटणावर ज्याचं बोट आहे, त्याच्या बाजूने चालत नाही.